चादरीला लेबल असतं, गाण्याला कशाला?

सोलापुरात 'लेबल' म्हटलं की चादरीच्या कोपऱ्यात शिवलेली बोटभर पट्टी आठवते. गिऱ्हाईक आधी ती पट्टी वाचतं, मग चादरीवरून हात फिरवतं. 'बँड'चंही तसंच. इथे बँड म्हणजे वरातीचा. गिटारची पिशवी खांद्याला लावून रिक्षात बसलो की रिक्षावाले मामा हमखास विचारतात, "लग्नाला किती घेता?" त्यामुळे इंजिनीअरिंगला असलेली चार पोरं परवा घरी येऊन म्हणाली, "दादा, सहा गाणी तयार आहेत, आता लेबल पाहिजे," तेव्हा त्यांच्या आईवडिलांनी याचा काय अर्थ लावला असेल या विचारानेच मला हसू आलं. मग लेबल म्हणजे गाणी काढणारी कंपनी, ती काय करते आणि काय नाही, हे समजावता समजावता दोन तास गेले. तेच इथे लिहून काढतोय.

आधी शब्द. जुन्या रेकॉर्डच्या मधोमध एक गोल कागद चिकटवलेला असायचा. त्यावर गाण्याचं नाव, गायकाचं नाव आणि कंपनीचं चिन्ह. एचएमव्हीचा कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होता, तो याच कागदावरचा. त्या कागदाला लेबल म्हणायचे. पुढे कागदावरून ते नाव कंपनीलाच चिकटलं. रेकॉर्डी गेल्या, कॅसेटी गेल्या, शब्द राहिला.

जगात आज तीन बड्या कंपन्या आहेत: युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर. त्यांच्या पंखाखाली नसलेलं, स्वतःच्या पैशावर आणि स्वतःच्या आवडीवर चालणारं लेबल म्हणजे स्वतंत्र लेबल. स्वतंत्रला इंग्रजीत 'इंडिपेन्डन्ट' म्हणतात, त्याचं लाडाचं रूप 'इंडी', आणि अशा लेबलांवर वाढलेल्या रॉकला इंडी रॉक म्हणू लागले. म्हणजे इंडी हा मुळात वाजवण्याचा प्रकार नव्हताच. पैसे कुणाचे आणि निर्णय कुणाचा, याचं ते उत्तर होतं. आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांचा पसारा एवढा मोठा की सिनेमाबाहेरचं जवळपास सगळंच इंडी म्हणून खपतं. ते असो.

पोरांचा समज असा होता की लेबल म्हणजे कुणीतरी पैसेवाला माणूस, जो गाणं ऐकून खूश होतो आणि पाठीवर हात ठेवतो. तसं काही नसतं. लेबल म्हणजे आधी पदरचे पैसे घालणारा आणि नंतर हिशेब दाखवणारा माणूस. रेकॉर्डिंगचा खर्च करायचा, गाणी बाजारात पोचवायची, लोकांना ती आहेत हे कळवायचं, आणि आलेला पैसा ठरल्याप्रमाणे वाटायचा. शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं. बहुतेक भांडणंही तिथेच होतात.

पानं कुणाची, चादर कुणाची

सगळ्या प्रकरणाची किल्ली एकाच गोष्टीत आहे: एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. हे वकिली भाषेत सांगितलं की पोरं मोबाइल काढतात, म्हणून मी त्यांना जकार्डचा माग डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. सोलापूरच्या पोराला ते जड नाही.

जकार्डवर चादर विणायची तर आधी नक्षीप्रमाणे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं लागतात. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, खालून बाणा, म्हणजे आडवा धागा, जातो, आणि नक्षी उमटते. पानांची ती माळ म्हणजे नक्षी. ती अंगावर घेता येत नाही, पण तिच्याशिवाय चादर होत नाही. आणि त्याच पानांवरून उद्या दुसरा कारखानदार दुसऱ्या सुताची, दुसऱ्या रंगाची चादर विणू शकतो.

गाण्याचे शब्द आणि चाल म्हणजे ही पानं. स्टुडिओत वाजवून, ध्वनिमुद्रण करून जी फाइल तयार झाली ती चादर. तिला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे धरले आहेत. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं.

आता चादरीचा मालक कोण? कायद्यात निर्मात्याची व्याख्या आहे: ध्वनिमुद्रण करण्यासाठी पुढाकार घेणारा आणि जबाबदारी उचलणारा. मिक्सरपुढे कानाला हेडफोन लावून बसलेल्यालाही लोक प्रोड्यूसर म्हणतात, पण कायद्यातला निर्माता म्हणजे तो नव्हे. लेबलने स्टुडिओ ठरवला, पैसे भरले, सगळं जमवून आणलं, तर वेगळा करार नसल्यास मास्टर लेबलचं. पोरांनी स्वतःच वर्गणी काढून केलं, तर मास्टर पोरांचं. पानं मात्र दोन्ही वेळेला ज्याने रचली त्याची.

याचा व्यवहारात अर्थ काय, हे अभंगावरून चटकन कळतं. मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड संतांचे अभंग इलेक्ट्रिक गिटारवर गातो, आणि त्यांच्यामुळे आमच्याकडेही प्रत्येक कॉलेजात एकाला तरी तुकोबा रॉकमध्ये बसवायची हुक्की येते. तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाची मालकी नाही. पण रेडिओवर वर्षानुवर्षं ऐकलेली त्या अभंगाची चाल? ती विसाव्या शतकातल्या संगीतकाराने बांधली असेल तर पानं त्याची, आणि विचारावं लागतं. स्वतःची चाल बांधली तर मोकळं रान.

उद्या एखाद्या वेब मालिकेला तुमचं गाणं हवं झालं, तर त्यांना दोन सह्या लागतात: पानांच्या मालकाची आणि चादरीच्या मालकाची. म्हणून लेबलच्या करारात 'सर्व हक्क' असे दोन शब्द दिसले की पेन खाली ठेवायचं आणि विचारायचं, कुठले सर्व?

कायदा इथे रचनाकाराच्या बाजूने बराच उभा आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा समान वाटा सोडून देऊच शकत नाहीत. करारात तसं लिहून सही घेतली तरी ते चालत नाही. हक्क देण्याचा व्यवहार लेखी आणि सहीनिशीच व्हावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर ५ वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन लेबल वर्षभर नुसतं बसून राहिलं, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो हक्क सुटतो. ही चार वाक्यं मी पोरांना वहीत उतरवून घ्यायला लावली. एकाने फोनमध्ये फोटो काढला. चालेल तेही.

उचल

आता पैसे. इंग्रजीत ज्याला अ‍ॅडव्हान्स म्हणतात त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: उचल. ऊसतोडीला जाणारा उचल घेतो, तमाशाच्या फडातला कलावंत हंगामाआधी उचल घेतो, आणि मग ती फिटेपर्यंत काम करतो. लेबल बँडसाठी जो खर्च करतं तो साधारण उचलीसारखाच. फरक इतकाच की गाणी चाललीच नाहीत तर सहसा ती परत मागत नाहीत, नुकसान लेबलचं. पण गाणी चालली तर आधी उचल फिटते आणि मग बँडच्या हातात पैसा येतो.

कुणाच्या वाट्यातून फिटते, हा खरा प्रश्न. समजा, लेबलने रेकॉर्डिंगवर ६०,००० आणि मुखपृष्ठ, जाहिरात वगैरेवर २०,००० असे ८०,००० रुपये घातले. दोन वर्षांत सगळीकडून मिळून लेबलकडे १,२०,००० आले.

पहिली पद्धत: आधी एकूण खर्च वजा, उरलेल्याचे निम्मे निम्मे. ४०,००० उरले, २०,००० बँडला, २०,००० लेबलला.

दुसरी पद्धत: बँडला एकूण उत्पन्नाच्या १५ टक्के, आणि रेकॉर्डिंगची उचल बँडच्या वाट्यातूनच फेडायची. १,२०,००० चे १५ टक्के म्हणजे १८,०००. ते ६०,००० च्या उचलीत जमा. बँडच्या नावावर अजून ४२,००० बाकी, हातात शून्य. तिकडे लेबलने मात्र सगळा खर्च भरून काढून ४०,००० कमावलेले. गाणी तीच, ऐकणारे तेच, आकडे तेच. शिवाय बहुतेक वेळा मास्टरही लेबलचंच राहतं, म्हणजे ज्याने उचल फेडली त्याच्या नावावर चादर नाही.

दुसरी पद्धत म्हणजे लबाडीच असं मी म्हणणार नाही. बड्या कंपन्यांची ती जुनी रीत आहे, आणि दहा बँडांवर पैसे लावून नऊ बुडाले तर दहाव्याकडून भरून काढायचा हिशेब तिच्यामागे असतो. पण आपल्या गावातल्या मित्राने चार पैसे घालून काढलेल्या लेबलला ती शोभत नाही. स्वतंत्र लेबलांत निम्म्या-निम्म्याची पद्धत रुजली ती उगाच नाही.

तिचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एका कापडाच्या गावातलं आहे. मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडत गेल्या, गोदामं ओस पडली, आणि १९७८ साली तिथे फॅक्टरी नावाचं लेबल निघालं. आम्हा गिरणगावच्या लोकांना ते नावच जवळचं वाटतं. जॉय डिव्हिजन हा बँड त्यांनी पुढे आणला. नफा निम्मा निम्मा, आणि कराराचा आशय असा: मालकी सगळी कलाकारांची, कंपनीची काहीच नाही, आणि कलाकार वाटेल तेव्हा सोडून जायला मोकळे. ऐकायला सुंदर. पण १९९२ मध्ये कंपनी बुडायच्या बेताला आली, दुसरी कंपनी विकत घ्यायला आली, तेव्हा विकायला हातात फारसं काही नव्हतं, कारण मास्टर कलाकारांचे. कलाकारांचं भलं झालं, कंपनी गेली. त्याआधी फॅक्टरीने १९८२ मध्ये हासिएंडा नावाचा क्लब उघडला होता आणि रेकॉर्डीतून आलेला पैसा त्यात वर्षानुवर्षं ओतला होता. गावाला जागा मिळाली, वहीत खड्डा पडला. पोरांना ही गोष्ट फार आवडली. मला तितकी नाही. मी वही लिहिणाऱ्यांतला.

हजार वेळा

"पण आता ऑनलाइन टाकलं की झालं ना?" हा प्रश्न येणारच होता. टाकणं खरंच सोपं झालंय. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर असे वितरक वर्षाची ठरावीक फी घेऊन गाणी ऐकण्याच्या सगळ्या अ‍ॅपवर पोचवतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा एक कोड मिळतो, आयएसआरसी; कापडाच्या गाठीवरच्या नंबरासारखा. त्याच गाण्याचं कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग काढलं तर त्याला वेगळा नंबर, कारण चादर वेगळी. बँडचं नाव मात्र रोमनमध्ये एकदाच ठरवा आणि सगळीकडे तसंच लिहा. एका ठिकाणी एक 'ए', दुसरीकडे दोन, असं केलं की अ‍ॅपवर तुमचे दोन बँड होतात आणि ऐकणारे विभागले जातात.

टाकल्यानंतरचं गणित वेगळं. वर्गणीदारांचे आणि जाहिरातींचे पैसे एका मोठ्या हौदात जमा होतात. साधारण दोन तृतीयांश हक्कदारांसाठी काढून ठेवतात आणि एकूण किती वेळा वाजलं त्या प्रमाणात वाटतात. म्हणजे तुमच्या आत्याने महिनाभर फक्त तुमचाच बँड ऐकला तरी तिच्या वर्गणीचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत. ते हौदात जातात आणि बहुतांश सिनेमाच्या गाण्यांकडे वाहतात. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफाय या अ‍ॅपचा नियम असा की मागच्या १२ महिन्यांत गाणं १,००० वेळा वाजलं नसेल तर त्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. सहा गाणी प्रत्येकी ९०० वेळा वाजली तर एकूण ५,४०० वेळा वाजूनही शून्य. पोरांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे झाले.

वितरक जे आणतो ते चादरीचे पैसे. पानांचे, म्हणजे शब्दांचे आणि चालीचे, वेगळे. ते गोळा करून रचनाकारांना वाटणारी संस्था म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस. तिचं सभासद स्वतः व्हावं लागतं. चांगलं लेबल पहिल्याच भेटीत हे सांगतं. ज्याला स्वतःलाच ते माहीत नाही त्याच्याकडे गाणी देऊ नका.

मग गावातल्या लेबलचं पोट कशावर भरतं? कार्यक्रमावर, टी-शर्टवर, आणि वर्गणीवर. वर्गणी म्हटलं की आपल्याला मंडळ आठवतं, पण हीच युक्ती सिअ‍ॅटलच्या सब पॉप या लेबलने १९८८ मध्ये केली: पैसे आधी गोळा करायचे आणि दर महिन्याला एक नवी छोटी रेकॉर्ड टपालाने पाठवायची. पहिली रेकॉर्ड होती निर्व्हाना नावाच्या तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडची, फक्त १,००० प्रती. वर्गणीदार बँड बघून पैसे देत नव्हते, लेबलवर भरवसा ठेवून देत होते. चादरीच्या कोपऱ्यातल्या पट्टीचं काम तेच. सोलापुरात ६० जणांनी वर्षाला ५०० रुपये दिले तर ३०,००० होतात, आणि तेवढ्यात निम्मं रेकॉर्डिंग निघतं. ६० जण शोधणं अवघड आहे, अशक्य नाही. गल्लीतलं मंडळ त्याहून जास्त घरं फिरतं.

गाव लहान असण्याचा फायदा

इंडीवाले 'सीन' हा शब्द फार वापरतात. त्याला मला सापडलेला जवळचा शब्द 'फड'. वाजवणारे, ऐकणारे, सुपारी देणारे, पोस्टर लावणारे, सगळे मिळून फड. शाहीर राम जोशी याच गावचे. दोन शतकांपूर्वी घरची वैदिकी सोडून तमाशात रमले. त्यामुळे चांगल्या घरची पोरं बिघडण्याची परंपरा आमच्याकडे जुनी आहे.

मुंबईत १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव झाला, पुण्यात २०१० मध्ये एनएच सेव्हन वीकेंडर सुरू झाला, आणि आमची पोरं हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन ते ऐकून आली. आली ती वाजवायचं ठरवून, आणि वाजवता येऊ लागल्यावर पुण्यालाच गेली. अडीचशे किलोमीटर म्हणजे काही फार नाही.

म्हणून मी त्यांना डनीडनची गोष्ट सांगितली. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडचं विद्यापीठाचं गाव, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. २०११च्या जनगणनेत आपण साडेनऊ लाख होतो. १९८१ मध्ये त्याच बेटावरच्या क्राइस्टचर्चमध्ये रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या रॉजर शेफर्डने फ्लाइंग नन हे लेबल काढलं. डनीडनच्या द क्लीन या बँडचं पहिलं गाणं ६० डॉलरमध्ये रेकॉर्ड झालं आणि देशाच्या खपाच्या यादीत पहिल्या विसांत गेलं. पुढच्या वर्षी त्यांनी डनीडनचे चार बँड एकत्र केले, चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर रेकॉर्ड केले, आणि दोन रेकॉर्डींच्या चार बाजू एकेका बँडला दिल्या. एकट्या बँडकडे कुणी वळून पाहिलं नसतं. चार मिळाले तेव्हा लोक गावाचं नाव घेऊन त्या आवाजाबद्दल बोलू लागले.

चार बाजूंची ही कल्पना सोलापूरसाठीच केली असावी असं मला वाटतं. एक मराठी, एक तेलुगू, एक कन्नड, एक उर्दू. पूर्वभागात अशोक चौकाकडे दुकानात उभं राहिलं तरी दहा मिनिटांत यातल्या तीन भाषा कानावर पडतात. पुण्याच्या लेबलला हे सुचणार नाही, आणि सुचलं तरी जमणार नाही. गावातलं लेबल गावासाठी काय करू शकतं याचं उत्तर मला तरी इथे दिसतं: ज्यांना एकमेकांची नावं माहीत नाहीत अशा चार फडांना एका पट्टीखाली आणणं.

राहिला प्रश्न जागेचा. हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह घेतलं तर साठ माणसं खुर्च्यांत हरवून जातात. उघड्यावर केलं तर रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सूट असते, पण ते दिवस सणांचे, आणि त्या दिवशी डॉल्बीवाल्याकडे तुमच्यासाठी एक स्पीकरही शिल्लक नसतो. एका ठिकाणी आम्ही आगाऊ पैसे भरून हॉल घेतला होता, तर ऐन वेळी तिथे साखरपुडा निघाला. पैसे परत मिळायला पाच महिने लागले.

पोरांनी मात्र जागा आधीच शोधून ठेवली होती. त्यांच्यातल्या ड्रमरच्या मामांचा एमआयडीसीत मागाचा कारखाना आहे. सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात, छप्पर उंच, वीज भरपूर, आणि शेजारपाजाऱ्यांचे कान आयुष्यभराच्या खडखडाटाला सरावलेले. पहिल्या तालमीला मीही गेलो. अर्धा तास झाला असेल, शेजारच्या शेडमधून एक आजोबा बनियनवर बाहेर आले, दारात उभे राहून ड्रमकडे बघत राहिले. मामा पुढे होऊन म्हणाले, "आवाजाचा त्रास होतोय का हो?"

"आवाजाचं काय नाही," आजोबा म्हणाले, "पण तो डावीकडचा माग जरा लंगडा चालतोय."

ड्रमरने बास ड्रमच्या पायपट्टीचा स्क्रू घट्ट केला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला.